बायकोला सांगायचा पूर्ण आकडा

मुलुंड पूर्वेहून एका तरुण वाचकाचं पत्र आलं आहे. मोठं आहे, त्यातलं मुद्द्याचं तेवढं देतो.

‘दादा, दहिसरला ओळखीच्या काकांच्या बिल्डिंगखाली २००९ ची बीएमडब्ल्यू ३२५ आय तीन वर्षं उभी आहे. एकाच मालकाची, ९१ हजार किलोमीटर चाललेली. वॉटर पंप गेला म्हणून लावून ठेवली ती ठेवलीच. काका सव्वातीन लाख मागतात. माझ्याकडे साठवलेले सहा लाख आहेत. त्या सहा सिलिंडरच्या आवाजाचं मला शाळेपासून वेड आहे. आम्ही चौघं मित्र मिळून ती पुन्हा उभी करू, भांडुपला एकाच्या वडिलांचा गाळा आहे. थोडं पर्सनल लोन काढून सायलेन्सर, सस्पेन्शन आणि रीमॅपही (इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलून ताकद वाढवणं) करून घ्यावं असं डोक्यात आहे. बाबा कुर्ल्याला प्रीमिअरच्या कारखान्यात फिटर होते. ते म्हणतात, हा पांढरा हत्ती आहे, दारात बांधू नकोस. बायको म्हणते, घे, पण पूर्ण आकडा मला आधी सांग, तुकड्यातुकड्याने सांगू नकोस. मला तो आकडाच माहीत नाही. काय करू?’

मित्रा, वयाने लहान आहेस म्हणून अरेतुरे करतो, राग मानू नकोस.

तुझ्या पत्रातलं सगळ्यात शहाणं वाक्य तुझ्या बायकोचं आहे, म्हणून उत्तराला तिथूनच हात घालतो. हाच मॉडेल, तुझ्याहून एक वर्ष जुना, मी २०१९ मध्ये ४ लाख १० हजारांना घेतला. गाडी चालती होती. पुढच्या १४ महिन्यांत तिच्यावर ४ लाख ६३ हजार गेले. म्हणजे गाडी एकदा घेतली आणि मग थोडी थोडी करून दुसऱ्यांदा घेतली. डिकीत एक दोनशे पानी वही असते, तिच्यातून उतरवून देतो. कूलिंगचं सगळं काम ७८ हजार. ऑइलच्या गळत्या ५२ हजार. सस्पेन्शन ९६ हजार, त्यात पुढचे कंट्रोल आर्म, चारही शॉक अब्सॉर्बर आणि त्यांची माउंटिंग. टायर ५८, ब्रेक ४१, गिअरबॉक्सचं ऑइल आणि चेंबर ३४, कॉइल आणि प्लग २७, बॅटरी १८, पायाशी बसवलेल्या एका इलेक्ट्रॉनिक डब्याची दुरुस्ती १५. हत्यारं ३१ हजारांची. दोनदा टोइंग मिळून १३. ह्यात रंगकाम नाही, इंजिन उघडलेलं नाही, वेग वाढवणारी एकही वस्तू नाही. गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा जशी होती तशी करायला एवढे लागले. भाव तेव्हाचे आहेत, आज तू चार पैसे जास्तच धर.

ह्यावरून मी एक हिशेब धरतो. चालत्या गाडीला जेवढी किंमत, तेवढेच पैसे पुन्हा बँकेत तयार हवेत. तीन वर्षं उभ्या असलेल्या गाडीला किमतीच्या दीडपट. तुझ्या सहा लाखांत हे बसवायचं तर गाडी सव्वादोनच्या वर जाता कामा नये. म्हणजे कामाला साडेतीनच्या आसपास राहतात आणि वर थोडे सुटे. बायकोला आकडा सांग: सहा लाख आणि दीड वर्ष. त्यानंतर दर वर्षी, पेट्रोल सोडून, पाऊण लाख ते एक लाख. माझ्या चौथ्या वर्षाला ८६ हजार लागले आणि त्या वर्षी गाडी एकदाही बंद पडली नव्हती.

मात्र हे सहा लाख म्हणजे घरातली सगळी पुंजी असेल, आजारपणाला, नोकरी गेली तर सहा महिने काढायला वेगळं काही ठेवलेलं नसेल, तर माझं उत्तर नाही असंच आहे. आधी ती सोय कर, गाडी पुढच्या वर्षीही मिळेल. ह्या गाड्या विकणारे मुंबईत कमी नाहीत. दुरुस्तीच्या बिलाला कंटाळलेला मालक दर महिन्याला कुठे ना कुठे निघतोच.

पर्सनल लोनचं नाव काढू नकोस. सस्पेन्शन मूळचंच ताजं करून घे, त्यावर गाडी कशी वळते ते एकदा अनुभव, मग पुढचं बोलू. रीमॅपचा विचारही आजच सोड. तुझं इंजिन टर्बोचं नाही, अडीच लिटरचं साधं हवा ओढणारं आहे, २१८ अश्वशक्तीचं. टर्बोच्या गाडीत रीमॅपने जो फरक पडतो तो इथे पडत नाही, पैसे मात्र तेवढेच जातात. आणि सायलेन्सर: मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या रचनेत परस्पर बदल करता येत नाहीत, सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये हे स्पष्ट केलं आहे. पण कायदा बाजूला ठेव. तू ज्या आवाजाच्या प्रेमात आहेस तो मूळच्याच सायलेन्सरमधून येतो. सहाही सिलिंडर सारखे पेटत असले, इंजिनची माउंटिंग दबून गेलेली नसली आणि हवा कुठून चोरून आत येत नसली, की चार हजार आरपीएमच्या पुढे तो असा काही मोकळा होतो की खिडकी खाली घ्यावीशी वाटते. तुला पैसे त्यासाठी खर्चायचे आहेत.

आता काकांच्या त्या वाक्याकडे ये. ‘वॉटर पंप गेला म्हणून लावून ठेवली.’ माझ्या दृष्टीने सगळा व्यवहार ह्या एका वाक्यावर आहे.

इंजिन थंड ठेवणारं कुलंट फिरवणारा हा पंप, गॅरेजात ज्याला वॉटर बॉडी म्हणतात, तो आपल्या ओळखीच्या बहुतेक इंजिनांत पट्ट्यावर फिरतो. एन ५२ हे तुझं इंजिन बीएमडब्ल्यूने २००४ मध्ये आणलं, त्यात पंप विजेवर चालतो. इंजिन थंड असताना त्याने उगाच फिरू नये, ताकद खाऊ नये, हा हेतू. हेतू चांगला, पण पंपाची मोटर आणि तिचं सर्किट त्याच गरम कोपऱ्यात बसवलेलं असतं, आणि लाखाच्या आसपास किलोमीटर झाले की ते कधीही मान टाकतं. पट्ट्यावरचा पंप जाण्याआधी आवाज करतो, गळतो, इशारा देतो. हा बहुतेक वेळा काहीच सांगत नाही. आणि ह्या गाडीच्या डॅशबोर्डवर तापमानाचा काटाच नाही. वेग, आरपीएम, पेट्रोल आणि ॲव्हरेज दाखवणारा काटा, एवढंच. तापमान चढलं की आधी पिवळा दिवा, मग लाल.

त्यामुळे काकांना विचारायचा प्रश्न एकच: लाल दिवा लागल्यावर गाडी किती चालवली? तिथल्या तिथे बाजूला घेऊन टोइंग बोलावलं असेल तर तुझं काम पंप, थर्मोस्टॅट, होज आणि कुलंटवर भागेल. टोलनाक्याच्या रांगेत दिवा लागला आणि ‘घर आलंच की’ म्हणून तशीच रेटली असेल, तर इंजिनचं ॲल्युमिनियमचं हेड वाकलेलं असण्याची शक्यता मोठी आहे. मग सव्वादोनच काय, एक लाखालाही ती महाग. काका खोटं बोलतील असं मी म्हणत नाही. तीन वर्षांत माणसाला आठवत नाही एवढंच. गाडीला आठवतं. तिच्या कॉम्प्युटरला स्कॅनर लावला की फॉल्टसोबत तो किती किलोमीटरला आला ती नोंदही निघते. ती आणि मीटरवरचा आकडा ह्यात मोठी तफावत असेल तर समजून जा. नंतर सहाही सिलिंडरचं कॉम्प्रेशन आणि कूलिंगची प्रेशर टेस्ट. हे दोन्ही झाल्याशिवाय टोकन म्हणून एक रुपयाही देऊ नकोस.

दुसरी जागा ऑइल फिल्टरच्या हाउसिंगची. इथलं रबरी पॅकिंग हजाराच्या आतबाहेर मिळतं. उष्णतेने ते दगडासारखं कडक होतं आणि ऑइल पाझरू लागतं. ते थेंब खालच्या पट्ट्यावर पडतात. ऑइल प्यालेला पट्टा फुगतो, एक दिवस पुलीवरून उतरतो, त्याच्या चिंध्या होतात, आणि त्या चिंध्या क्रँकच्या पुढच्या सीलमधून आत ओढल्या गेल्याची उदाहरणं ह्या इंजिनांत आहेत. एकदा त्या इंजिनखालच्या ऑइलच्या चेंबरमध्ये पोचल्या की ऑइल पंपाच्या जाळीवर जाऊन बसतात. हजाराच्या पॅकिंगने इंजिन जातं ते असं. मी माझ्या गाडीचं हे पॅकिंग स्वतः काढलं तेव्हा नखाने दाबून पाहिलं, बांगडीसारखं कडक होतं, वाकवताच दोन तुकडे झाले. ते तुकडे अजून गाळ्यातल्या खिडकीत ठेवलेत. नवी गाडी घेऊन कोणी आलं की आधी ते हातात देतो.

तिसरी गोष्ट बोल्टांची, आणि ही तुझ्या बाबांशी बोलताना लागेल. वजन कमी करायला ह्या इंजिनाच्या ब्लॉकचं बाहेरचं अंग मॅग्नेशियमचं केलं आहे. मॅग्नेशियमला कुलंट लागलेलं चालत नाही म्हणून आतला सिलिंडरचा भाग ॲल्युमिनियमचा. आणि मॅग्नेशियममध्ये लोखंडी बोल्ट पिळला तर दोन धातू एकमेकांना खातात, आपल्या खाऱ्या, दमट हवेत तर जास्तच. म्हणून बोल्टही ॲल्युमिनियमचे. हे बोल्ट ठरावीक टॉर्कला, म्हणजे पिळण्याच्या जोराला, आणि मग ठरावीक अंशात फिरवून ताणले जातात आणि एकदा ताणले की संपले. काढले की फेकायचे, नवे घालायचे. नागदेवी स्ट्रीटला जगातला कुठलाही नटबोल्ट मिळतो, पण इथे तिथला चकचकीत स्टीलचा बोल्ट घालायचा नाही. एका गॅरेजवाल्याने माझ्या गाडीच्या आधीच्या मालकाच्या वेळी पंपाला असाच एक घातला होता. तो काढताना ब्लॉकचा आटा सोबत बाहेर आला. आटा पुन्हा बसवून घेताना एक रविवार आणि साडेसहा हजार गेले.

सामानाचं थोडक्यात सांगतो. बीएमडब्ल्यूच्या प्रत्येक वस्तूला ११ आकडी नंबर असतो. पहिले दोन आकडे विभागाचे: ११ इंजिन, १७ कूलिंग, ३१ पुढचा ॲक्सल, ३४ ब्रेक. चासी नंबरचे शेवटचे सात आकडे दिले की तुझ्या गाडीला नेमकं काय लागतं ते निघतं. नंबर हातात असल्याशिवाय दुकानाची पायरी चढू नकोस. तीच वस्तू कंपनीच्या छापाच्या खोक्याऐवजी बनवणाऱ्याच्या खोक्यात पुष्कळ स्वस्त मिळते. आर्म लेमफोर्डरचे, पॅकिंग एलरिंगचं, पंप पिअरबर्गचा, फिल्टर मानचा. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर कटिंगचा माल (मोडीत काढलेल्या गाड्यांचे सुटे भाग) मिळतो, तिथे जरूर जा. आरसा, दाराचं हँडल, सीट, दिवा, डॅशबोर्डचं प्लास्टिक, हे तिथे निम्म्याहून कमी पैशात सापडतं, आणि डोळ्यांसमोर उलटसुलट करून घेता येतं. रबर, पंप, पॅकिंग आणि ब्रेक मात्र तिथून कधीही नाही.

कागद. गाडी २००९ ची, म्हणजे १५ वर्षांची नोंदणी २०२४ मध्ये संपली. नूतनीकरणाची फी भारतात जुळवलेल्या कारला ५ हजार आणि आयात केलेलीला ४० हजार आहे, वर उशिराच्या प्रत्येक महिन्याला ५०० रुपये. बीएमडब्ल्यूचा चेन्नईचा कारखाना २००७ मध्ये सुरू झाला, त्यामुळे ही गाडी तिथलीच असण्याची शक्यता जास्त, पण आरसी बुकात बघून खात्री कर. पर्यावरण कर, नव्या पद्धतीची नंबर प्लेट, जुनी ई-चलनं आणि बँकेचा बोजा हेही तपास. सगळं काकांच्या नावावर असतानाच त्यांच्याकडून पूर्ण करून घे किंवा तेवढे पैसे किमतीतून कमी कर. फिटनेसला गाडी चालत न्यावी लागते हे विसरू नकोस. म्हणून ह्या कामाचा क्रम आणि पैसे आधीच लेखी ठरलेले बरे.

आता मित्र.

खरं सांगतो, गाडीपेक्षा मला ह्या बाजूची जास्त काळजी आहे, कारण तिथे माझं नुकसान झालं होतं.

आमचाही असाच गट होता. गोरेगावला गाळा, दर रविवारी सकाळी आठ ते दिवेलागणीपर्यंत. कूलिंगचं काम झालं ती रात्र मला अजून दिसते. विजेवरच्या ह्या पंपातली हवा काढायची रीत वेगळी आहे. कुलंट भरून झाकण लावायचं, बॅटरीला चार्जर जोडायचा, इंजिन बंद ठेवून फक्त इग्निशन चालू करायचं, हीटर पूर्ण गरमवर, पंखा सगळ्यात कमीवर, आणि ॲक्सिलरेटर तळाला दहा सेकंद दाबून धरायचा. मग पंप आपण होऊन सुरू होतो आणि बारा मिनिटं कुलंट फिरवतो. पहिल्यांदा आम्ही चार्जर लावला नव्हता, बॅटरी मध्येच बसली. दुसऱ्यांदा लावला. रात्रीचे साडेअकरा वाजले होते, वडापावाचा पुडा टूलबॉक्सवर तसाच गार झालेला, आणि पाच माणसं बॉनेटवर वाकून काही न बोलता पंपाची ती बारीक गुणगुण ऐकत होती. तिची पट्टी मध्येच चढायची, उतरायची, हवेचा बुडबुडा सुटला की गुडगुड व्हायची. एकजण मोबाइलवर मिनिटं मोजत होता. बँकेत काम करणारा एक मित्र, ज्याला पान्याचा नंबरही कळत नाही, तो टॉर्च धरून उभा होता आणि त्यालाच दिसलं की खालच्या होजचा क्लॅम्प अर्धवट बसलाय. तो दिसला नसता तर घोडबंदरला माझी गाडी वाफ सोडत उभी राहिली असती. तेव्हा तुझ्या गटातल्या ज्याला काही येत नाही त्यालाही बोलाव.

पुढच्या रविवारी पहाटे साडेपाचला आम्ही पाचही जण दोन गाड्यांत ईस्टर्न फ्रीवेवर गेलो. आणिकच्या बोगद्यात खिडक्या खाली. कोणीच काही बोललं नाही. त्या बोगद्यासाठी मी ४ लाख ६३ हजार पुन्हा देईन.

आणि त्याच पाचांतला एक दीड वर्ष माझ्याशी बोलत नव्हता. तो कामासाठी म्युनिकला गेला होता, येताना आम्हा तिघांच्या गाड्यांचं सामान घेऊन आला. विमानतळावर कस्टमने बॅग उघडली, त्याने ११ हजार ४०० रुपये ड्यूटी भरली. तो बोलला नाही. आम्ही विचारलं नाही, सामानाच्या पैशांतच आलं असेल असं धरून चाललो. सात महिन्यांनी भलत्याच गोष्टीवरून शब्दाला शब्द लागला आणि तो आकडा बाहेर पडला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की माझ्या वहीत माझा पै न् पै खर्च होता, त्याचा एकही नव्हता. शेवटी मीच पैसे घेऊन त्याच्या घरी गेलो. त्याने ते मोजून घेतले, मला ते आवडलं. चहा झाला. त्यानंतर दोन रविवारांनी तो गाळ्यावर आला, टॉर्क पाना उचलला आणि कुठपर्यंत आलंय एवढंच विचारलं.

तेव्हापासून वहीची दोन पानं असतात. डावीकडे पैसे, उजवीकडे माणसं. कोण आलं, किती तास, कोणाच्या गाडीतून सामान आलं, कोणाची ई-१० ची गोटी (पान्याचं सॉकेट) तुटली, जेवण कोणी आणलं, गाळ्याचं लाइटबिल किती वाढलं. उजव्या पानाचे सगळेच पैसे कोणी मागत नाही. तुटलेली गोटी मात्र पुढच्या शनिवारी नवी आणून ठेवायची, लाइटबिल महिन्याच्या महिन्याला द्यायचं, आणि ज्याचे तास तुझ्या गाडीवर लागले त्याच्या गाडीचं काम निघालं की आधी तू हजर. हे बोलून ठरव, पहिल्याच दिवशी, चौघांसमोर. लाज वाटेल, वाटू दे. भांडुपच्या त्या गाळ्यावर मित्राच्या वडिलांचं पोट आहे, त्यांच्याशी तू स्वतः जाऊन बोल आणि तारीख दे. आठ रविवारांपेक्षा जास्त तुझी गाडी तिथे उघडी पडता कामा नये. ऑइलच्या चेंबरचं पॅकिंग बदलायला पुढचा सबफ्रेम खाली घ्यावा लागतो, ते काम गाळ्यात काढूच नका, लिफ्ट असलेल्या गॅरेजात मजुरी देऊन करून घ्या. आणि गाडीखाली कोणी जाणार असेल तर जॅकच्या भरवशावर कधीच नाही. दोन्ही बाजूंना घोडी लावायची, चाकं काढून तीही खाली सरकवायची, गाडी हाताने हलवून बघायची, मगच आत. ह्या बाबतीत मी कोणाचीही मैत्री बघत नाही, न ऐकणाऱ्याला घरी पाठवतो. तुम्हीही पाठवा.

काम पाऊस संपल्यावरच काढा. जूनमध्ये उघडलेली गाडी गणपतीपर्यंत गंजते आणि माणसं कंटाळतात. पहिल्यांदा चालू करताना घाई नको. टाकीतलं तीन वर्षांचं पेट्रोल काढून टाका, ऑइल आणि फिल्टर बदला, साडेसहा लिटर लागेल. उंदरांनी वायरिंग खाल्लंय का ते बघा. मग प्लग काढून क्रँकच्या बोल्टला पाना लावून इंजिन हाताने दोन फेरे फिरवा. ते मऊ फिरलं तरच स्टार्टर. नवी बॅटरी घातली की ती गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये नोंदवावीही लागते, नाहीतर जुनी समजूनच तिला चार्ज केलं जातं आणि ती लवकर मरते.

राहिले बाबा. ते निम्मे बरोबर आहेत. लोन काढून, सायलेन्सरपासून सुरुवात करून, एकट्याने ही गाडी केलीस तर ती पांढरा हत्तीच आहे. पण ज्या माणसाने प्रीमिअरच्या कारखान्यात आयुष्य काढलं त्याच्या हाताला जे कळतं ते तुम्हा चौघांना मिळून कळत नाही. सिलिंडर पेटत नसेल तर स्कॅनर लावायच्या आधी ते सांगतील. त्यांच्याशी वाद होईल तो बोल्टांवरून. वापरलेला बोल्ट रॉकेलमध्ये धुऊन, आटा बघून पुन्हा लावणं हीच त्यांच्या पिढीची कारागिरी होती. चांगला दिसणारा बोल्ट फेकून द्यायचा हे त्यांना सहन होणार नाही. तेव्हा मॅग्नेशियमची गोष्ट त्यांना नीट समजावून सांग, धातूचा माणूस आहे, पटेल. पटलं की बोल्ट मोजून देण्याचं आणि टॉर्क लिहून ठेवण्याचं काम त्यांच्याकडेच दे.

येत्या रविवारी त्यांना घेऊन दहिसरला जा. सकाळी जा, इंजिन थंड हवं, काकांना सांग आधी स्टार्ट करायचा प्रयत्न करू नका. सोबत टॉर्च, पांढरं फडकं आणि स्कॅनरवाला मित्र. बिल्डिंग दहिसर नदीच्या बाजूला असेल तर आधी पुराचं बघ: सीटबेल्ट पूर्ण ओढून टोकाशी मातीची रेघ आहे का, सीटखालच्या पट्ट्या गंजल्यात का, डिकीत उजवीकडे बॅटरी असते त्या खाचेत पाणी साचल्याची खूण आहे का. छताला सनरूफ असेल तर पायाखालचं कार्पेट दाबून बघ, त्याच्या नळ्या तुंबल्या की पाणी तिथेच उतरतं. मग कुलंटची टाकी उघडा, तवंग आहे का पाहा. ऑइलचं झाकण बाबांना काढू दे. आतून पांढरं फडकं फिरवायचं. काळं किंवा तपकिरी आलं तर कॉम्प्रेशन टेस्टची तारीख ठरवा आणि सव्वादोनची बोलणी सुरू करा. साईसारखं दुधाळ आलं तर थांबा, त्याला कुलंट ऑइलमध्ये मिसळल्यापासून नुसत्या साचलेल्या दमटपणापर्यंत काहीही कारण असू शकतं. प्रेशर टेस्टने ते पक्कं होईपर्यंत किमतीचा विषय काढायचा नाही. काकांचा चहा घ्यायचा आणि परत यायचं.